मोंटोयाची घाई

फॉर्म्युला वनवर मनापासून बोलणाऱ्यांच्या बैठकीत हुआन पाब्लो मोंटोयाचं नाव निघालं की एक वाक्य हमखास येतं. "काय ड्रायव्हर होता यार, पण वाया गेला." आपल्याकडे हे मत का रुजलं ते उघड आहे. 2001 ते 2006 या वर्षांत युरोपातल्या शर्यती रविवारी संध्याकाळी, चहाच्या सुमारास टीव्हीवर दिसायच्या. मोंटोया त्यात आला, सात शर्यती जिंकला, शूमाकरशी चाकाला चाक भिडवायला कचरला नाही, आणि एक दिवस हंगाम अर्ध्यावर टाकून अमेरिकेला निघून गेला. अमेरिकेतल्या शर्यती आपल्या रात्री सुरू होतात आणि बघणारे मोजकेच. नाटकाचा फक्त मधला अंक बघून बाहेर पडायचं आणि शेवट काही जमला नाही म्हणायचं, तसा हा प्रकार आहे. पहिला अंक अमेरिकेत झाला होता, तिसराही तिथेच झाला.

मला स्वतःला मोंटोया आवडायचा तो त्याच्या घाईसाठी. घाई म्हणजे नुसता वेग नव्हे. वेग त्या रांगेतल्या प्रत्येकाकडे असतो. मोंटोयाला थांबणं सहन व्हायचं नाही. पुढच्या वळणावर जागा मिळेल हे दिसत असलं, तरी त्याला याच वळणावर आत घुसायचं असायचं.

हा माणूस बोगोटाचा. जन्म 20 सप्टेंबर 1975. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटर उंचीवरचं शहर, हवा विरळ, इंजिनालाही दम लागतो. उंचीवर वाढलेल्या कोलंबियन माणसाचं नाव जगात व्हायचं ते सायकलवर. लुचो हेरेराने 1987 साली स्पेनची व्हुएल्टा जिंकली तेव्हा देश वेडा झाला होता. मोटार शर्यतींचा धंदा म्हणावा असं तिथे फारसं काही नव्हतं. वडील पाब्लो वास्तुविशारद, पण कार्टिंगचं, म्हणजे छोट्या बिनछपराच्या गाड्यांच्या शर्यतींचं, वेड असलेले. मुलगा पाचेक वर्षांचा असताना त्यांनी त्याला कार्टमध्ये बसवलं. पुढे अमेरिकेत स्किप बार्बरच्या शाळेत धडे, मग इंग्लंडला फॉर्म्युला थ्री, आणि 1997 साली फॉर्म्युला 3000 मध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, हेल्मुट मार्कोच्या संघात. हे मार्को म्हणजे पुढे रेड बुलमध्ये तरुण ड्रायव्हरांचं नशीब ठरवणारे तेच. 1998 साली मोंटोया सुपर नोवा संघाकडून फॉर्म्युला 3000 चा विजेता झाला. मागे पडलेल्यात निक हायडफेल्ड होता. हे नाव पुढे एकदा येणार आहे.

फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्स संघाने त्याला चाचण्यांसाठी आधीच धरून ठेवलं होतं. पण फ्रँक विल्यम्सना 1999 साठी हवा होता अ‍ॅलेक्स झनार्डी, अमेरिकेतली कार्ट (CART, लहानपणच्या कार्टशी संबंध नाही) मालिका लागोपाठ दोनदा जिंकलेला इटालियन. त्याला नेलं तेव्हा चिप गनासीच्या अमेरिकन संघाला मोंटोया दिला. सौदा विल्यम्सच्या फायद्याचा वाटत होता. झनार्डीला त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये एकही गुण मिळाला नाही. आणि गनासीला मिळालेल्या तेवीस वर्षांच्या पोराने लाँग बीच, नाझरेथ, रिओ, क्लीव्हलँड, मिड-ओहायो, शिकागो आणि व्हँकूव्हर अशा सात शर्यती पहिल्याच हंगामात मारल्या.

आणि तरी तो विजेतेपद जवळजवळ घालवून बसला होता. ऑस्ट्रेलियात सर्फर्स पॅरडाइजला त्याने गाडी भिंतीवर घातली. ती शर्यत विजेतेपदातला त्याचा प्रतिस्पर्धी डॅरिओ फ्रँकिटीने जिंकली. शेवटच्या शर्यतीला, कॅलिफोर्नियातल्या फोंटानाला, स्कॉटलंडचा फ्रँकिटी नऊ गुणांनी पुढे. 31 ऑक्टोबर 1999. तिथे फ्रँकिटीचा पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी, घोळ झाला आणि तो दहावा आला, मोंटोया चौथा. बेरीज केली तर दोघांचे 212. नियम असा की गुण सारखे झाले तर ज्याचे विजय जास्त तो विजेता. मोंटोयाचे सात, फ्रँकिटीचे तीन. बस्स.

पण त्या दिवशी जल्लोष झाला नाही. दहाव्या फेरीत कॅनडाच्या ग्रेग मूरची गाडी दुसऱ्या वळणानंतर सुटली आणि आतल्या भिंतीवर आदळली. मूर चोवीस वर्षांचा होता, मोंटोयाएवढाच, आणि फ्रँकिटीचा जिवलग मित्र. झेंडे अर्ध्यावर आले. शर्यत संपल्यावर ड्रायव्हरांना कळलं. एकाने विजेतेपद गमावलं होतं, दुसऱ्याने मिळवलं होतं, आणि दोघांनाही त्याचं काही वाटावं अशी ती संध्याकाळ नव्हती. नियमपुस्तकात मात्र निकाल नोंदला गेला: पहिल्याच हंगामात विजेता, बरोबरीत, जास्त विजयांवर. तेव्हा ते न्याय्यच वाटलं. जो जास्त जिंकला तो वरचढ, यात वाद कसला? घाईचं सार्थक झालं होतं.

पुढच्या मे महिन्यात इंडियानापोलिस. अमेरिकन ओपन-व्हील, म्हणजे उघड्या चाकांच्या गाड्यांच्या, शर्यतींत तेव्हा भाऊबंदकी चालू होती. 1996 पासून दोन वेगळ्या मालिका, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या. कार्टमधले मोठे संघ इंडी 500 कडे, तिथल्या 500 मैलांच्या मोठ्या शर्यतीकडे, फिरकत नव्हते. गनासीने ती अढी मोडली, त्या दुसऱ्या मालिकेच्या नियमांतल्या गाड्या विकत घेतल्या आणि मोंटोयाला घेऊन आला. मोंटोयाने 200 पैकी 167 फेऱ्या आघाडीवर काढल्या. इंडी 500 पहिल्याच प्रयत्नात जिंकणारा 1966 च्या ग्रॅहॅम हिलनंतरचा तो पहिला. अडीच मैलांचा तो डावीकडे वळत राहणारा ट्रॅक, ज्याला लोक भितात, त्याला मात्र सोपा वाटला असावा, असं त्याचं त्या दिवशीचं ड्रायव्हिंग बघून म्हणावंसं वाटतं.

इथे जरा थांबून रॉबेर्तो गेरेरोबद्दल सांगायला हवं, कारण कोलंबियाच्या हिशेबात हा विजय तेरा वर्षं उशिरा आला होता. मेदेयिनचा गेरेरो 1982 साली फॉर्म्युला वनमध्ये एन्साइनसारख्या गरीब संघाकडून उतरला, तिथे काही हाती लागलं नाही, मग अमेरिकेत गेला. इंडी 500 मधले त्याचे पहिले चार निकाल बघा: दुसरा, तिसरा, चौथा, दुसरा. शेवटचा दुसरा म्हणजे 1987. त्या दिवशी मारिओ आंद्रेत्ती सगळ्यांना मागे टाकून पळत होता आणि शेवटी शेवटी त्याची गाडी बसली. आघाडी आली गेरेरोकडे, मागच्यावर जवळपास पूर्ण फेरीची. शेवटचा पिट स्टॉप उरलेला. पण आधी दुसऱ्या एका गाडीचं निखळलेलं चाक गेरेरोच्या गाडीच्या नाकाला लागून उडालं होतं आणि वरच्या प्रेक्षागॅलरीत पडून एक प्रेक्षक दगावला होता. त्याच धडकेत क्लचच्या यंत्रणेला इजा झाली होती. पिटमधून निघताना इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. अल अन्सर पुढे निघून गेला; सत्तेचाळीस वर्षांचा अन्सर, ज्याच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला गाडीच नव्हती आणि ज्याला शेवटी मिळाली ती एका हॉटेलात प्रदर्शनाला ठेवलेली. गेरेरो साडेचार सेकंदांनी हरला. त्याच सप्टेंबरात, त्याच ट्रॅकवर चाचणी करताना अपघात होऊन तो सतरा दिवस बेशुद्ध होता. परत आला. 1992 साली तिथे ताशी 232.482 मैलांच्या, म्हणजे सुमारे 374 किलोमीटरच्या सरासरीने विक्रमी वेळ देऊन पहिल्या जागेवरून सुरुवात करण्याचा मान मिळवला, आणि शर्यतीच्या दिवशी, हिरवा झेंडा पडण्याआधीच्या संचलनाच्या फेरीत, गार टायर गरम करायला जोर लावताना गाडी फिरून भिंतीवर गेली. एकही फेरी न पळता तो बाहेर. मोंटोयाला लोक दुर्दैवी म्हणतात तेव्हा मला गेरेरो आठवतो आणि मी गप्प बसतो.

मधला अंक बहुतेकांनी बघितलेला आहे, म्हणून त्यातलं निवडकच घेतो. 2001, ब्राझील, इंटरलागोस. मोंटोयाची विल्यम्सकडून फॉर्म्युला वनमधली तिसरी शर्यत. सुरुवातीलाच सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणारी गाडी, आली होती, ती आत गेली, आणि पहिल्याच वळणावर या नवख्याने मायकेल शूमाकरच्या आतल्या बाजूने विल्यम्स घुसवली. शूमाकर तेव्हा तीन वेळचा विश्वविजेता, त्याला बाजूला व्हायला लावायची कुणाची छाती नव्हती. चाकाला चाक लागलं आणि मोंटोया पुढे. जवळजवळ अर्ध्या शर्यतीपर्यंत तो आरामात पहिला होता, आणि मग ज्याला नुकतंच एका फेरीने मागे टाकलं त्या योस व्हर्स्टापेनने मागून येऊन त्याला ठोकलं. (हो, मॅक्सचे वडील.) पहिला विजय सप्टेंबरपर्यंत लांबला. 16 सप्टेंबर, मोंझा, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला जेमतेम पाच दिवस झालेले, फेरारीने गाड्यांची नाकं काळी रंगवलेली. फॉर्म्युला वन शर्यत जिंकणारा तो पहिला कोलंबियन. पुन्हा एकदा, हसू नये अशा दिवशी जिंकलेला माणूस.

2002 मध्ये सात पोल, म्हणजे सात वेळा पहिल्या जागेवरून सुरुवात, आणि शून्य विजय. मोंझाला त्याने ताशी 259.8 किलोमीटरच्या सरासरीने फेरी मारली आणि 1985 पासून टिकलेला केके रोजबर्गचा विक्रम मोडला. एका फेरीपुरता त्याच्याइतका जलद माणूस तेव्हा नव्हता असं मी छातीठोकपणे म्हणेन. फेरारी त्या वर्षी इतर सगळ्यांपेक्षा वेगळ्याच पातळीवर होती, ही गोष्ट वेगळी.

2003 हे खरं वर्ष. मोनॅकोला मोंटोया जिंकला, आणि जिंकला तो शेवटपर्यंत मागे लागलेल्या मॅक्लारेनच्या रायकोनेनला अर्ध्या-पाऊण सेकंदावर रोखून. विल्यम्सने मोनॅकोला याआधी जिंकून वीस वर्षं झाली होती. हॉकेनहाइमला तो एक मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. तीन शर्यती बाकी असताना शूमाकरहून फक्त एक गुण मागे. मग फेरारीच्या गोटातून विल्यम्सला टायर पुरवणाऱ्या मिशेलिनच्या पुढच्या टायरांच्या रुंदीबद्दल तक्रार झाली, मोजमापाचा नियम कडक झाला, टायर बदलावे लागले. त्यावर अजून वाद घालणारे भेटतात. पण मला वाटतं विजेतेपद गेलं ते इंडियानापोलिसलाच, सुरुवातीच्या फेऱ्यांत. फेरारीच्या बारिकेलोला ओलांडताना मोंटोयाची गाडी त्याला लागली, बारिकेलो बाहेर फेकला गेला आणि मोंटोयाला पिटमधून जाण्याची शिक्षा झाली. तो सहावा आला आणि विजेतेपदाच्या शर्यतीतून बाद झाला. ज्या जागेने तीन वर्षांपूर्वी डोक्यावर घेतलं होतं तिथेच. आणखी पाच फेऱ्या बारिकेलोच्या मागे राहिला असता तर? पण मग तो मोंटोया राहिला नसता, हे मान्य करूनही मी हा प्रश्न अधूनमधून विचारतो.

मग तो मॅक्लारेन संघात गेला, तिथे काही जुळलं नाही. 2005 च्या सुरुवातीला खांद्याला दुखापत होऊन तो दोन शर्यतींना मुकला. टेनिस खेळताना पडला, असं संघाने सांगितलं, आणि मोटारसायकलची कुजबुज मात्र थांबली नाही. तरी त्या वर्षी तीन शर्यती जिंकला. मग 2 जुलै 2006, पुन्हा इंडियानापोलिस. पहिल्याच वळणात त्याने स्वतःच्याच संघातल्या रायकोनेनला मागून धडक दिली, त्यातून मालिकाच सुरू झाली, आणि हायडफेल्डची गाडी हवेत कोलांट्या खात गेली. तो धडधाकट बाहेर आला हे नशीब. आठवड्याभरात मोंटोयाने जाहीर केलं की तो गनासीकडे, नॅसकारमध्ये जातोय. मॅक्लारेनने त्याला पुन्हा गाडीत बसवलं नाही. 94 शर्यती, 7 विजय, 13 पोल, 30 वेळा पहिल्या तिघांत. आपल्याकडचा टीव्ही इथे बंद झाला.

नॅसकार म्हणजे छपराच्या, दीड टनांच्या, एकमेकांना घासत पळणाऱ्या गाड्या. फॉर्म्युला वनचे लोक त्याला नाक मुरडतात. मीही मुरडत असे. सात हंगामांत मोंटोयाने वरच्या मालिकेत दोनच शर्यती जिंकल्या, सोनोमा आणि वॉटकिन्स ग्लेन, दोन्ही डाव्या-उजव्या वळणांच्या. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, एकही नाही. जिंकायला हवी होती ती 2009 ची इंडियानापोलिसची. 160 पैकी 116 फेऱ्या तो पुढे होता. पिटमधली वेगमर्यादा ताशी 55 मैल, वर पाच मैलांची सूट, म्हणजे साठपर्यंत चालतं. पिटमधल्या दोन टप्प्यांत त्याचा वेग नोंदला गेला 60.06 आणि 60.11. पहिल्या आकड्यातला जास्तीचा भाग म्हणजे ताशी जेमतेम शंभर मीटर. शिक्षा झाली, तो अकरावा आला. रेडिओवरून तो मुलांची शपथ घेऊन सांगत होता की आपण मर्यादेतच होतो. मला गंमत वाटते ती ही, की त्या दिवशी पाच सेकंदांची आघाडी असताना पिटमध्ये काठावर चालवायची गरजच नव्हती. पण काठ दिसला की हा त्यावर चालणारच.

2012 ची डेटोना 500 तर विनोदी आणि भयानक यांच्या मधली आहे. पावसामुळे शर्यत सोमवारी रात्रीवर गेली. सगळे हळू चालले असताना मोंटोयाच्या गाडीच्या मागच्या भागात काहीतरी तुटलं आणि ती घसरत थेट ट्रॅक सुकवणाऱ्या जेट इंजिनाच्या ट्रकवर गेली. विमानाच्या इंधनाची आग रस्त्यावर पसरली. दोन्ही चालक वाचले. डाग धुवायला कपड्यांची पावडर आणली गेली.

2014 मध्ये तो इंडीकारला, म्हणजे इंडी 500 ज्यात येते त्या मालिकेला, परतला, आता रॉजर पेन्स्केच्या संघात. वजन उतरवलं, मान पुन्हा कमावली. आणि इथून मला तो वेगळा माणूस दिसतो. 2015 ची इंडी 500: सुरुवातीलाच सेफ्टी कारमागे चालताना एका गाडीने मागून ठोकलं, गाडीचा मागचा भाग तुटला, दुरुस्तीला आत यावं लागलं आणि 33 गाड्यांत तो तिसावा झाला. जुना मोंटोया पुढच्या दहा फेऱ्यांत सगळं वसूल करायला गेला असता. हा तसा गेला नाही. एकेक गाडी गिळत, इंधन सांभाळत, टायर राखत तो दोन तास वर सरकत राहिला आणि शेवटच्या चारेक फेऱ्या उरल्या असताना विल पॉवरला ओलांडून 0.1046 सेकंदांनी जिंकला. लागोपाठच्या दोन विजयांमध्ये पंधरा वर्षं. इतकं अंतर तिथे दुसऱ्या कुणाचं नाही.

त्या हंगामात पहिली शर्यत, सेंट पीटर्सबर्गची, त्याने जिंकली होती आणि तेव्हापासून गुणतक्त्यात तो अखंड पहिला होता. विजय दोनच, पण शर्यतीमागून शर्यत गुण घेत, गाडी घरी आणत. चाळिशीला टेकलेल्या माणसाने चोवीसाव्या वर्षी न जमलेलं शिकून घेतलं होतं. शेवटची शर्यत सोनोमा, 30 ऑगस्ट, दुप्पट गुणांची. स्कॉट डिक्सन 47 गुणांनी मागे. आठवड्याभरापूर्वी पोकोनोला अपघातग्रस्त गाडीचा उडालेला भाग डोक्याला लागून जस्टिन विल्सनचा मृत्यू झाला होता, आणि सगळा ताफा सुतकात होता. मधल्या फेऱ्यांत मोंटोया आणि त्याच्याच संघातला पॉवर एकमेकांना लागले. पुढचं पंख मोडलं, मोंटोया मागे फेकला गेला. मग तो पुन्हा वर चढू लागला. पाचवा आला असता तर पुरलं असतं. पुढे रायन ब्रिस्को होता, तो हाती लागला नाही. मोंटोया सहावा, डिक्सन पहिला.

दोघांचे 556. डिक्सनचे विजय तीन, त्यातला तिसरा त्याच दुपारी मिळालेला. मोंटोयाचे दोन. डिक्सनच्या संघाचा मालक चिप गनासी.

मी तो निकाल बघून बराच वेळ नियमाला शिव्या घातल्या. वर्षभर पहिल्या क्रमांकावर राहिलेल्याला शेवटच्या एका तासात उतरवणारा नियम काय कामाचा? मग 1999 आठवलं. तेव्हा याच नियमाने मोंटोयाला विजेतेपद दिलं होतं आणि तेव्हा मला ते एकदम रास्त वाटलं होतं. फ्रँकिटीही तेव्हा सातत्यानेच गुण जमवत आला होता. नियमाने दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारला, जिंकलास किती वेळा? पहिल्या वेळी त्याच्याकडे उत्तर होतं कारण त्याला धीर नव्हता. दुसऱ्या वेळी त्याच्याकडे धीर होता.

सहा महिन्यांनी, मार्च 2016 मध्ये, तो सेंट पीटर्सबर्गला पुन्हा पहिला आला. त्यानंतर इंडीकारमध्ये जिंकला नाही. 2018 साली ल मांला, फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत, आपल्या वर्गात तिसरा आला. मोनॅको, इंडियानापोलिस आणि ल मां या तिन्ही जिंकणारा ग्रॅहॅम हिल अजून एकटाच आहे. 2019 साली पेन्स्केच्या अ‍ॅक्युरामध्ये डेन कॅमेरनबरोबर एकच गाडी आलटून पालटून चालवत त्याने अमेरिकेतली स्पोर्ट्सकार मालिका जिंकली. त्यासाठी बेरजेच्या पुढे जाऊन विजय मोजावे लागले नाहीत. म्हणजे ज्याला थांबणं सहन व्हायचं नाही, त्याचं वीस वर्षांनंतरचं मोठं विजेतेपद असं आलं, की त्यातला बराच वेळ तो पिटच्या भिंतीशी उभा राहून दुसऱ्याला गाडी चालवताना बघत होता.